काट मारलेलं उत्तर

महाराष्ट्राच्या दहावीच्या गणिताच्या पहिल्या भागात, वर्गसमीकरणांच्या प्रकरणाअखेर येणाऱ्या संकीर्ण प्रश्नसंग्रहात एक शेत आहे. ते तळवेल गावी आहे आणि दिनेश नावाच्या गृहस्थांचं आहे. शेताची लांबी रुंदीच्या दुपटीहून १० मीटरने जास्त. पावसाचं पाणी अडवायला दिनेशरावांनी शेतातच एक चौरस तळं खणलं, त्याची बाजू शेताच्या रुंदीच्या एक तृतीयांश. शेताचं क्षेत्रफळ तळ्याच्या वीसपट भरतं. तर शेताची लांबी-रुंदी किती आणि तळ्याची बाजू किती?

आयताच्या क्षेत्रफळावरची शेकडो शाब्दिक उदाहरणं मी वाचली आहेत, मुलांकडून सोडवून घेतली आहेत. त्यांत हे उदाहरण मला फार आवडतं. कवितेचं रसग्रहण करताना आपण शब्द न् शब्द थांबून वाचतो. तसंच वाचण्याइतकं सत्त्व या चार-पाच वाक्यांत आहे.

आधी बांधणी बघा. सगळ्या उदाहरणात मीटरमध्ये दिलेली संख्या एकच, १०. बाकी सगळी नुसती नाती: दुप्पट, एक तृतीयांश, वीसपट. आणि त्या दहाचं काम केवढं आहे! ते १० मीटर काढून टाका, लांबी रुंदीच्या बरोबर दुप्पट आहे एवढंच म्हणा. मग रुंदी काहीही घ्या, शेत तळ्याच्या अठरापट भरतं. वीसपट कधीच होत नाही. जास्तीची दोन तळी कुठून आणायची, हाच या उदाहरणाचा गाभा आहे, आणि ती जागा त्या १० मीटरच्या पट्ट्याने दिली आहे.

रूढ रीत सगळ्यांना ठाऊक आहे. रुंदी क्ष मानायची. लांबी २क्ष + १०. तळ्याची बाजू क्ष भागिले ३, म्हणून तळ्याचं क्षेत्रफळ क्षच्या वर्गाचा नववा भाग. शेत म्हणजे तळ्याच्या वीसपट ही अट मांडली, नऊने गुणलं, की एका बाजूला १८ क्षवर्ग + ९० क्ष आणि दुसऱ्या बाजूला २० क्षवर्ग. सगळं एका बाजूला आणलं की २ क्षवर्ग − ९० क्ष = ०. अवयव पाडले की २क्ष आणि (क्ष − ४५). म्हणून क्ष शून्य किंवा ४५. रुंदी शून्य असू शकत नाही, म्हणून पहिलं उत्तर अग्राह्य. रुंदी ४५ मीटर, लांबी १०० मीटर, तळ्याची बाजू १५ मीटर. ताळा: ४५०० भागिले २२५, बरोबर २०.

पेपरात एवढं लिहिलं की पूर्ण गुण. पण आता पेन खाली ठेवून तेच शेत कागदावर काढू. रुंदी उभी, लांबी आडवी. लांबीतून आधी रुंदीएवढा एक तुकडा मोजा, मग तेवढाच दुसरा. दोन चौरस झाले आणि टोकाला १० मीटरची एक पट्टी उरली. तळ्याची बाजू रुंदीच्या एक तृतीयांश आहे, म्हणजे प्रत्येक चौरसात तीन गुणिले तीन, नऊ तळी बसतात. दोन चौरसांत अठरा. शेत वीस तळ्यांचं आहे, तेव्हा उरलेल्या पट्टीत दोन तळ्यांएवढी जागा असलीच पाहिजे. आता पट्टीची उंची शेताच्या रुंदीएवढी, म्हणजे तीन तळ्यांच्या बाजूंएवढी. पट्टी एका तळ्याएवढी रुंद असती, तर तिच्यात तीन तळी एकावर एक बसली असती. बसतात दोनच तळ्यांएवढी. म्हणून पट्टीची रुंदी तळ्याच्या बाजूच्या दोन तृतीयांश. ती १० मीटर आहे. तळ्याची बाजू १५.

समीकरण नाही, क्ष नाही, अवयव नाहीत. सहावीतल्या मुलालाही हे तोंडी करता येईल. वर्गसमीकरणांच्या प्रकरणात बसलेल्या या उदाहरणाच्या पोटात वर्ग टिकतच नाही. दोन्ही बाजूंचे अठरा-अठरा चौरस एकमेकांना खाऊन टाकतात आणि मागे दोन तळी नि एक पट्टी उरते. मुलांना मी हे उदाहरण नेहमी समीकरणाने आधी आणि आकृतीने नंतर दाखवतो. उलट क्रमाने दाखवलं तर समीकरण अकारण लांबण वाटतं. या क्रमाने दाखवलं की समीकरणाच्या प्रत्येक पायरीला जमिनीचा तुकडा सापडतो.

आता त्या शून्याकडे वळू. घाईत असलेला विद्यार्थी दोन्ही बाजूंना क्षने भागतो आणि एकदम ४५ वर येऊन पोहोचतो. उत्तर बरोबर, पण एक मूळ हातातून निसटलं. शिक्षक गुण कापतात आणि सांगतात, क्षने भागू नये, क्ष शून्यही असू शकतो. मूल मनात म्हणतं, शून्य असूच शकत नाही हे तुम्हीच पुढच्या ओळीत लिहायला लावता. त्याची शंका रास्त आहे. तिला उत्तर द्यायचं तर शून्य रुंदीचं शेत डोळ्यांसमोर आणावं लागेल. रुंदी शून्य केली की दोन्ही चौरस मिटतात, तळं मिटतं आणि १० मीटरची एक रेघ उरते. शेताचं क्षेत्रफळ शून्य, तळ्याचंही शून्य, आणि शून्याची वीसपट शून्यच. दिलेली एकही अट मोडलेली नाही. समीकरण खोटं बोललं नाही; आपण त्याला जेवढं सांगितलं तेवढंच ते पाळतं, आणि शेताला रुंदी असते हे आपण त्याला सांगितलंच नव्हतं. आकृतीच्या रीतीतही हे शून्य हरवतं, पण कुठे हरवलं ते दिसतं. पट्टी आणि तीन तळ्यांची उतरंड यांची उंची सारखी, म्हणून आपण फक्त त्यांच्या रुंद्या ताडून पाहिल्या. सारखी उंची वगळणं म्हणजेच क्षने भागणं. उंचीच नसती, तर ती तुलना करता आली नसती.

हे शेत नुसतं पुस्तकी नाही, हेही मला महत्त्वाचं वाटतं. ४५०० चौरस मीटर म्हणजे सातबाऱ्यावर ४५ आर. एकराहून थोडी जास्त जमीन. महाराष्ट्रात ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ साली आली. तिच्यात मंजूर केलेल्या आकारमानांत १५ × १५ × ३ मीटर हे एक होतं. दिनेशरावांचं तळं नेमकं तेवढंच निघतं. अशा तळ्याच्या बाजू सरळ उभ्या खणत नाहीत, माती ढासळते. तीन मीटर खाली जाताना चारही बाजूंनी तीन-तीन मीटर आत यायचं असं धरलं, तर तळाशी ९ मीटरचा चौरस उरतो आणि तळ्यात ४४१ घनमीटर पाणी मावतं, म्हणजे ४ लाख ४१ हजार लिटर. आणि वीसपट ही अट कोरडवाहू शेतकऱ्याच्या हिशेबात बसवून पाहा: जमिनीचा विसावा भाग, शंभरातले पाच हिस्से, पेऱ्याखालून काढून पाण्याला द्यायचे. उदाहरण रचणाऱ्याने ही संख्या अशीच ठेवली असेल असं मला वाटत नाही.

एक आक्षेप मात्र खरा आहे. टेप घेऊन शेतात उतरलेला माणूस लांबी-रुंदी थेट मोजेल. क्षेत्रफळ तळ्याच्या वीसपट आहे हे त्याला आधी कळलं आणि रुंदी मात्र माहीत नाही, असं होत नाही. या सगळ्या उदाहरणांत बोलणाऱ्याला उत्तर ठाऊक असतं आणि तो ते आडवळणाने सांगतो. उखाण्यात नाव घेणारी जशी नाव जाणून असते, पण सरळ घेत नाही, तसंच. हा या लेखनप्रकाराचा संकेत आहे आणि तो मान्य करूनच वाचायला बसावं. मग लक्ष जातं ते आडवळण किती नेटकं आहे याकडे.

तळवेलच्या शेतात वर्ग आपोआप गेला. जिथे तो जात नाही, तिथे टाकलेलं उत्तर आणखी बोलकं होतं. एक साधं अंगण घ्या. लांबी रुंदीहून ४ मीटरने जास्त, क्षेत्रफळ ९६ चौरस मीटर. क्षवर्ग + ४क्ष = ९६. आकृतीत हा क्ष बाजूचा चौरस आणि त्याला लागून ४ मीटरची पट्टी. पट्टी मधोमध कापा. एक अर्धी जिथे आहे तिथे राहू द्या, दुसरी उचलून चौरसाच्या लगतच्या बाजूला लावा. कोपऱ्यात २ × २ ची खाच राहते. ती भरली की क्षेत्रफळ १०० आणि बाजू १०; त्यातले २ वजा केले की रुंदी ८. पूर्ण वर्ग पद्धत म्हणजे ही एवढी कापाकापी. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने याच जातीच्या आकृत्या काढून वर्गसमीकरणं सोडवण्याच्या रीती सिद्ध केल्या, आणि मुलं त्या एकदा कागद कापून करतात तेव्हा सूत्र पाठ करण्याची त्यांची अर्धी धास्ती जाते.

या अंगणाचं दुसरं मूळ −१२. वहीत त्याच्यावर काट बसते: रुंदी ऋण असू शकत नाही. पण तो आकडा जरा निरखून बघा. अंगणाची लांबी किती? १२. जे उत्तर आपण टाकलं, ते ऋण चिन्ह लावून आलेली लांबीच आहे. समीकरणाने विचारलं होतं ते इतकंच, की अशी संख्या सांगा जिच्यात ४ मिळवून तिनेच गुणलं की ९६ येतात. −१२ मध्ये ४ मिळवले की −८, आणि त्यांचा गुणाकार ९६. तेच अंगण, दोन्ही बाजूंची चिन्हं पालटून आणि लांबी-रुंदीची अदलाबदल होऊन, पुन्हा आलं आहे. लांबी आणि रुंदी यांतला फरक आणि क्षेत्रफळ दिलेलं असलं की हे दर वेळी घडतं. बेरीज आणि क्षेत्रफळ दिलं, समजा २० आणि ९६, तर उत्तरं ८ आणि १२ अशी दोन्ही धनच येतात आणि टाकायला काही उरत नाही. कुठल्या बाजूला लांबी म्हणायचं हे समीकरणाला माहीत नसतं, म्हणून ते दोन्ही बाजू सांगून मोकळं होतं.

मात्र ‘ऋण ते टाका’ एवढाच नियम हाताशी धरून बसलेल्याला पुढचं उदाहरण अडवतं. ३० मीटर लांब, २० मीटर रुंद बाग. आतल्या कडेने चहूबाजूंना सारख्या रुंदीची पायवाट. मधली हिरवळ ३३६ चौरस मीटर. पायवाट किती रुंद? (३० − २क्ष) आणि (२० − २क्ष) यांचा गुणाकार ३३६; सोपं रूप क्षवर्ग − २५क्ष + ६६ = ०. मुळं ३ आणि २२. दोन्ही धन! ३ घेतलं की हिरवळ २४ × १४, ठीक बसतं. २२ चं काय करायचं? वीस मीटर रुंदीच्या बागेत बावीस मीटरची पायवाट मावणार नाही, म्हणून ते टाकायचं. कारण इथे चिन्हात नाही, बागेत आहे. आणि तरीही २२ ठेवून बघावंच. ३० − ४४ म्हणजे −१४, २० − ४४ म्हणजे −२४. तीच हिरवळ, पुन्हा उलटी होऊन आली.

ती कशी आली तेही पाहता येतं. पायवाट हळूहळू रुंदावत न्या. हिरवळ आक्रसत जाते. १० मीटरला तिची रुंदी संपते आणि तिथेच आपल्यासाठी बागेची गोष्ट संपते. समीकरण मात्र थांबत नाही. १० ते १५ च्या दरम्यान एक बाजू ऋण, दुसरी धन, म्हणून गुणाकार ऋण. १५ च्या पुढे दोन्ही ऋण, गुणाकार पुन्हा धन, आणि वाढत वाढत २२ ला तो परत ३३६ होतो.

धन असूनही उत्तर का टाकायचं, हे मला सर्वांत स्वच्छ सापडलं ते भास्कराचार्यांच्या बीजगणितात. शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ चा त्यांचा जन्म. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, ‘सिद्धान्तशिरोमणी’ झाला आणि बीजगणित हा त्याचा एक भाग. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे, त्यामुळे महाराष्ट्रातल्या वाचकाला हा माणूस लांबचा वाटू नये. वर्गसमीकरणासाठी त्यांनी श्रीधराचार्यांची रीत त्यांच्या नावानिशी दिली आहे आणि मग वानरांची दोन उदाहरणं घातली आहेत.

पहिल्यात कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग वनात खेळतो आहे आणि उरलेले १२ डोंगरावर. उत्तरं ४८ आणि १६. दोन्ही पडताळून बघा: ४८ चा आठवा भाग ६, वर्ग ३६, अधिक १२; १६ चा आठवा भाग २, वर्ग ४, अधिक १२. दोन्ही कळप खरे, आणि भास्कराचार्य दोन्ही मान्य करतात. दुसऱ्यात कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तेवढे वानर गुहेत गेले आणि एक बाहेर फांदीवर दिसला. उत्तरं ५० आणि ५. इथे ते ५ नाकारतात. पाच वानरांचा कळप असायला हरकत काय? उत्तर धन आहे, पूर्णांक आहे, समीकरणात बसतं. पण पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन कसे काढणार? उणे दोन वानरांचा वर्ग करून चार वानर गुहेत पाठवायचे, हे लोकांना पटत नाही, असं कारण ते देतात. त्यांनी नुसतं अंतिम उत्तर तपासलं नाही. ते उत्तर हाती घेऊन गोष्टीत पहिल्या शब्दापासून पुन्हा शिरले आणि ती कुठे मोडते ते पाहिलं. बागेतले २२ मीटर असेच मधल्या वाटेत मोडतात. आपल्या वर्गांतून मात्र ही सवय ‘लांबी ऋण नसते’ या एका ठरीव ओळीवर येऊन थांबली आहे, याचं मला वाईट वाटतं. ती ओळ लिहायला विचार लागत नाही, आणि भास्कराचार्यांनी मागितला होता तो विचारच.

या सगळ्याच्या मुळाशी जायचं तर दक्षिण इराकातल्या लार्सा या प्राचीन नगरात जायला हवं. तिथला मातीचा एक कोरीव ठोकळा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. नोंदणी ‘एओ ८८६२’. वय सुमारे पावणेचार हजार वर्षं. त्यावरचं पहिलंच उदाहरण आयताचं आहे आणि ते प्रथमपुरुषात बोलतं. बोलणारा सांगतो की लांबी-रुंदी घेऊन आपण एक क्षेत्र केलं आणि त्याला फेरी घातली. मग लांबी रुंदीहून जेवढी जास्त, तेवढं त्या क्षेत्रात मिळवलं, झाले १८३. साठाच्या मोजणीत हे ३ साठ आणि वर ३ असं लिहिलं आहे. लांबी आणि रुंदीची बेरीज २७. तर लांबी, रुंदी, क्षेत्र किती?

क्षेत्रफळात लांबी मिळवायची, हे शेतात कोणी करत नाही. म्हणजे तेव्हाही हे शाळेतलंच उदाहरण होतं आणि सांगणाऱ्याला उत्तर ठाऊक होतं. पण फेरी घालण्याचा उल्लेख वाचला की मोजणीदार पायाने जमीन तुडवतो आहे असं वाटतं, आणि मला तो तपशील त्या सगळ्या आकड्यांहून प्रिय आहे. डॅनिश इतिहासकार येन्स होयरुप यांनी दाखवून दिलं की अशा मातीच्या पाट्यांवरची क्रियापदं निव्वळ आकडेमोडीची नाहीत. तोडणं, फाडून काढणं, जोडणं अशी जमिनीच्या तुकड्यांशी केलेली कामं आहेत. अंगणाची पट्टी कापून आपण मघाशी केलं, तेच.

लार्साच्या गुरुजींची युक्ती देखणी आहे. दिलेल्या दोन्ही संख्या ते मिळवतात: १८३ आणि २७, झाले २१०. क्षेत्र, वर लांबी-रुंदीचा फरक, वर त्यांची बेरीज. फरक आणि बेरीज मिळून दोन लांबी होतात. म्हणजे २१० हा मूळ आयत आणि त्याला लागून दोन लांबींची भर: रुंदी २ ने वाढवलेला नवा आयत. त्याच्या बाजूंची बेरीज २९. निम्मे साडेचौदा, त्याचा वर्ग २१० आणि वर पाव. त्यातून २१० गेले, उरला पाव. त्याचं मूळ अर्धा. साडेचौदात अर्धा मिळवला की १५, ही लांबी. अर्धा वजा केला की १४. त्यातून वाढवलेले २ काढले की १२, ही रुंदी. क्षेत्र १८०. ताळा: १८० आणि फरक ३, १८३. ठोकळ्यावर उत्तर इथे संपतं.

आता तो अर्धा उलट लावून बघा. लांबीतून वजा करा, वाढवलेल्या रुंदीत मिळवा. लांबी १४, वाढवलेली रुंदी १५, म्हणजे मूळ रुंदी १३. बेरीज २७, अट पाळली. क्षेत्र १८२, लांबी रुंदीहून १ ने जास्त, मिळून १८३, तीही अट पाळली. लांबी रुंदीहून मोठीच आहे, एकही बाजू ऋण नाही, गोष्टीत कुठेही पाय अडत नाही. भास्कराचार्यांच्या कसोटीवरही हे शेत टिकतं, आणि ठोकळ्यावर त्याची नोंद नाही. गुरुजींना हवं होतं ते १५ आणि १२ चं शेत. १४ आणि १३ चंही त्याच शब्दांत बसतं. भोवती फेरी घालूनही त्यांना फरक कळला नसता, कारण दोन्ही शेतांचा घेर सारखाच, ५४.